‘फार्ट’ थाईत आणायचा आहे: तोत् की फाय् लोम्? (मुलांच्या नाटिकेसाठी मदत हवी)

केतकी_बँकॉक

नमस्कार मंडळी,

बँकॉकमध्ये आमच्या घराजवळच्या वाचनालयात मुलांसाठी शनिवारी कार्यक्रम असतात, त्यात मी मदत करते. यंदा तिथल्या एका शिक्षिकेनं लिहिलेली छोटी इंग्रजी नाटिका थाईत बसवायची ठरली आहे. गोष्ट अशी: राक्षस गुहेत झोपलाय, गावातली पोरं चोरपावलांनी आत शिरतात, कुणीतरी पादतं आणि राक्षस जागा होतो. मग ‘कोण पादलं’ याचा शोध. पोरं, आजी, गावचा वैद्य आणि राक्षस अशा सगळ्यांच्या तोंडी इंग्रजीत एकच शब्द आहे, ‘फार्ट’.

थाई मसुदा माझ्या मैत्रिणीनं केला. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘फाय् लोम्’ घातलं. फाय् म्हणजे पसरणं, मोकळं करणं आणि लोम् म्हणजे वारा. आपल्या ‘वारा सरणे’च्या अगदी शेजारचा शब्द. रोजच्या बोलण्यातला शब्द मात्र ‘तोत्’. तो का नाही घातलास विचारलं तर म्हणाली, तो ‘माय् सुफाप’ आहे, म्हणजे सभ्य नाही. (सुफाप म्हणजे मुळातला ‘सु-भाव’. किती छान शब्द आहे!)

वाचन झालं तेव्हा मुलं हसलीच नाहीत. राक्षस गुहेतून डरकाळी फोडतो आणि विचारतो काय, तर ‘कोणाचा अपानवायू सरला?’ मुलांचे चेहरे बघून मलाच वाईट वाटलं. मूळ नाटिका खरंच सुंदर आहे आणि ती थाई मुलांपर्यंत तशीच पोचावी असं मला मनापासून वाटतं.

मैत्रिणीशी वाद घालण्याएवढं माझं थाई नाही. इथे थायलंडमध्ये राहणारे, भाषांतर करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. ‘तोत्’ किती वाईट आहे? मुलांसमोर चालेल का?

---

अनघा

केतकी, थाईचं मला काही कळत नाही, पण भाषांतराच्या बाजूनं एक सांगते. आपण मराठी माणसं ‘पादणे’ हा शब्द बोलतो भरपूर आणि छापायला मात्र घाबरतो. घरात ‘पादा पण नांदा’ म्हणणारी आजी पाहुण्यांसमोर ‘पोटात वात धरलाय’ म्हणते. वर्तमानपत्रात तर ‘अपानवायू’शिवाय गत्यंतर नाही. ही आपली मोजपट्टी झाली. तू थाई शब्दाकडे बघताना नकळत तीच लावशील, आणि मैत्रीण इंग्रजी शब्दाकडे बघताना तिची लावणार. ‘तोत्’ तिथल्या घरात कोण, कुणासमोर, कुठल्या वयात म्हणतं ते आधी बघ. शब्दकोशातला ‘असभ्य’ हा शेरा एवढ्यापुरता अपुरा पडतो.

---

शब्दवेडा

अनघाताईंशी सहमत. थोडं अवांतर, पण या धाग्यावर ते सांगितलंच पाहिजे: इंग्रजी ‘फार्ट’ आणि आपलं ‘पाद’ हे सख्खे नातेवाईक आहेत. संस्कृतात ‘पर्द्’ धातू आहे, पर्दते म्हणजे पादतो. ग्रीकमध्ये ‘पेर्दोमाय्’. जर्मानिक भाषांमध्ये मूळच्या प चा फ झाला आणि द चा ट, जसं पितृ आणि फादर, पाद (पाऊल) आणि फूट. त्याच नियमानं पर्द् चा फार्ट. म्हणजे हजारो वर्षं हा शब्द इकडे आणि तिकडे सारख्याच निगुतीनं तोंडातोंडी जपला गेला आहे. 1755 साली सॅम्युएल जॉन्सननं इंग्रजीचा मोठा कोश केला, त्यातही तो आहे.

थाई मात्र वेगळ्या कुळातली भाषा. ‘तोत्’चा याच्याशी काही संबंध नाही. थाईतले सभ्य शब्द बघितले की मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं, कारण तिकडेही सभ्यपणा पाली-संस्कृतातून उसना घेतलेला आहे. शौचाला सभ्य शब्द ‘उत्चारा’. हा आपला ‘उच्चार’च! संस्कृतात उच्चार म्हणजे बाहेर टाकणं, म्हणून मलालाही उच्चार म्हणत. मराठीनं तोंडाचा उच्चार ठेवला, थाईनं दुसरा. लघवीला ‘पत्सावा’, म्हणजे ‘प्रस्राव’. गुदद्वाराला ‘थवान् नक्’, त्यातला थवान् म्हणजे ‘द्वार’ आणि नक् म्हणजे जड. पुढचं ते हलकं द्वार, ‘थवान् बाव्’.

गंमत बघा, या सगळ्या यादीत फाय् लोम् वेगळा पडतो. तो सभ्य आहे, पण संस्कृत नाही. दोन्ही शब्द साध्या थाईतले.

---

निवांत काका

विरोधी मत नोंदवतो. मुलांच्या कार्यक्रमात, तेही परक्या देशात, तिथल्याच बाई ‘हा शब्द सभ्य नाही’ म्हणत असतील तर विषय संपला पाहिजे. त्यांची भाषा त्यांना कळते. मुलं हसावीत म्हणून मर्यादा सोडायची का? आमच्या वेळी शाळेच्या गॅदरिंगला असा शब्द आला असता तर मास्तरांनी पडदा पाडला असता.

---

सुमेध_चिआंगमाई

काका, तुमची काळजी रास्त आहे. केतकीताईंच्या मैत्रिणीलाही मी चूक म्हणणार नाही. पण इथे राहून आणि थाई शाळेत शिकवून जे दिसतं ते सविस्तर लिहितो.

‘तोत्’ ही शिवी नाही. पाच वर्षांचं पोर आईला सांगतं ते याच शब्दात. मुलांच्या चित्रपुस्तकांत तो असतो. सरकारी शब्दकोश करणारी जी संस्था आहे (तिचं नाव ‘राजपंडित्य सभा’, हे वाचून कुणाला आनंद होईल ते मला ठाऊक आहे) तिच्याही कोशात तो आहे. मुलाखतीत, भाषणात, पाहुण्यांसमोर, भिक्खूंसमोर मात्र कुणी म्हणणार नाही. मैत्रीण ‘माय् सुफाप’ म्हणाली ते या अर्थानं खरंच आहे. थाई माणसाला परक्यानं शब्दाबद्दल विचारलं की तो सगळ्यात सुरक्षित उत्तर देतो, आणि ते सौजन्यच आहे.

आता मुद्द्याचं. थाईत वाक्य उद्धट की नम्र हे ठरवण्याचं बरंचसं काम दोन जागी होतं: ‘मी-तू’साठी कुठला शब्द निवडला आणि वाक्याच्या शेवटी कुठलं शेपूट लावलं. हे तीन नमुने बघा:

ख्राय् तोत् व?
ख्राय् तोत्?
ख्राय् तोत् ख?

ख्राय् म्हणजे कोण. तिन्हीत ‘कोण पादलं’ हेच आहे. पहिल्यातलं ‘व’ हे दोस्तांच्या कंपूतलं शेपूट, वडीलधाऱ्यांसमोर लावलं तर थोबाडीत बसेल. दुसरं रोखठोक. तिसऱ्यातलं ‘ख’ बायका-मुली प्रश्नाच्या शेवटी आदरानं लावतात (पुरुष ‘ख्रप्’ म्हणतात). तिसरं वाक्य बालवाडीच्या बाई वर्गात सहज विचारू शकतात. ‘तोत्’ तोच आहे, काहीच बदललेला नाही.

जेवण्याचं उदाहरण घेतलं तर आणखी स्पष्ट होईल. साधा शब्द ‘किन्’, अदबीचा ‘थान्’, त्याहून औपचारिक ‘रप्प्रथान्’ (यात आपलं ‘प्रदान’ आहे), भिक्खू जेवले तर ‘छन्’, राजघराण्यासाठी ‘सवोय्’, आणि गिळण्याला ‘डॅक्’. इतक्या पायऱ्या असलेल्या भाषेत सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच शब्द घालणं, मग तो तोत् असो वा फाय् लोम्, हीच खरी चूक आहे. इंग्रजीत सगळ्यांना एक शब्द पुरला. थाईत आजी, वैद्य आणि राक्षस एकसारखं बोलले तर ती तीन माणसं राहतच नाहीत.

म्हणून माझी सूचना: फाय् लोम् काढू नका, फक्त वैद्याला द्या. तिथे तो शोभून दिसेल. ‘फाय् लोम् पेन् रुआंग् थम्मदा’, म्हणजे वारा सरणं ही सामान्य गोष्ट आहे. (थम्मदा म्हणजे ‘धर्मता’, साधी नैसर्गिक गोष्ट.) सगळी पोरं तोत् तोत् ओरडत असताना वैद्यबुवा चष्मा सावरून हे वाक्य म्हणतात, आणि मुलं त्या वाक्यालाच सगळ्यात जास्त हसतील.

---

केतकी_बँकॉक

सुमेध, किती नीट सांगितलंत! मला शब्दाचा प्रश्न वाटत होता, पण हे तर पात्रांच्या बोलण्याचं काम आहे. आता राक्षसाचं काय? त्याच्या तोंडी ‘व’ चालेल? मित्रमंडळी ‘कू’ (मी) आणि ‘मुंग्’ (तू) म्हणताना ऐकलं आहे, राक्षसाला ते द्यावं का?

---

सुमेध_चिआंगमाई

कू-मुंग् नको. जिवलग मित्रांत ते रोज चालतं, पण वाचनालयाच्या रंगमंचावर पालकांना ते तोत् पेक्षा कितीतरी जास्त खटकेल. इथे काकांचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो.

सोय भाषेतच आहे. जुन्या गोष्टींतले राजे, ऋषी, राक्षस स्वतःला ‘खा’ आणि समोरच्याला ‘चाव्’ म्हणतात. आपल्या नाटकातला ‘आम्ही’ आणि ‘अरे मूढा’ जसा कानाला जुना वाटतो तसंच. थाईत राक्षस म्हणजे ‘यक्’, अर्थात यक्ष. बँकॉकच्या वात अरुण मंदिराच्या दारात आणि विमानतळावर उभे आहेत तेच. त्यानं असं म्हणावं:

‘ख्राय् तोत्! खा दाय् क्लिन्!’ (कोण पादलं! मला वास आला!)

आणि एकेका पोराकडे बोट रोखून: ‘चाव् तोत् रु?’ (तू पादलास का?)

भारदस्त सर्वनामं आणि मध्ये तो तोत्. मुलं खाली लोळतील.

---

मालवणी_पेज

सुमेधदादा, उच्चार जरा समजावा. थायलंडला गेलो होतो तेव्हा मेनूकार्डावर सगळीकडे ‘टॉड’ लिहिलेलं. मी आपला ‘काय् तोत्’ मागत होतो आणि मुली तोंड दाबून हसत होत्या. आता हा धागा वाचून शंका आली.

---

सुमेध_चिआंगमाई

शंका बरोबर आहे. तळलेलं चिकन म्हणजे ‘काय् थॉत्’. थ, स्वर लांब ‘ऑ’, सूर वरून खाली. पादणं म्हणजे ‘तोत्’. त, स्वर आखूड ‘ओ’, सूर खालच्या पट्टीत. रोमन लिपीत हॉटेलवाले आपापल्या मर्जीनं लिहितात, त्यामुळे गोंधळ होतो. ‘माफ करा’ म्हणजे ‘खॉ थोत्’, त्यातला थोत् म्हणजे आपला ‘दोष’, तोही थ नं आणि लांब. त आणि थ मधला फरक मराठी जिभेला आईच्या दुधातून मिळालेला आहे, इंग्रजी बोलणाऱ्यांना तो मुद्दाम शिकावा लागतो. रोमनवर विसंबू नका, कानावर विसंबा.

शेवटचा त् अर्धा गिळायचा. जीभ दाताला टेकवून तिथेच थांबायचं, सोडायची नाही. लिहितात मात्र त आणि द अशी दोन अक्षरं, मध्ये स्वर लिहीतच नाहीत. आपल्याकडे न लिहिलेला स्वर ‘अ’ असतो, तिकडे दोन व्यंजनांमध्ये न लिहिलेला स्वर आखूड ‘ओ’ असतो. म्हणून ‘लम’ लिहितात आणि ‘लोम्’ वाचतात.

---

डॉक्टरीणबाई

खूप आवडला धागा. रोज ज्या विषयावर बोलते त्यावर इतकं सुंदर वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ हालचाल थांबवतात. ती पुन्हा सुरू झाल्याची ओळखीची खूण म्हणजे वारा सरणं. म्हणून आम्ही राउंडला विचारतो, ‘वारा सरला का?’ किंवा हल्ली ‘गॅस पास झाला का?’ थाई इस्पितळातही हाच प्रश्न फाय् लोम् वापरून विचारतात. (आता बऱ्याच ठिकाणी वारा सरायची वाट न बघता लवकर खायला देतात, पण प्रश्न विचारायचा राहत नाही.) सभ्य शब्द लागतो तो इथे. रुग्ण आधीच संकोचलेला असतो, त्याला उत्तर देता आलं पाहिजे. केतकी, तुझ्या वैद्याला फाय् लोम् देणं म्हणूनच मला अगदी पटलं.

थाई पारंपरिक वैद्यकात पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी असे चार ‘थात्’ मानतात, म्हणजे धातू. लोम् त्यातला एक. त्यामुळे हा शब्द कुठे कुठे जाऊन बसलाय बघा: ‘पेन् लोम्’ म्हणजे चक्कर येऊन पडणं. ‘लोम् फित्’ म्हणजे अंगावर गांधी उठणं, फित् म्हणजे विष. त्याच गांधीला आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो. एकाच खाजेबद्दल इकडे पित्ताला दोष, तिकडे वाऱ्याला! थायलंडला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पोटात गॅस झाला असेल तर ‘पेन् लोम्’ म्हणू नका, लोक हुंगायची नळी घेऊन धावत येतील. औषधाच्या दुकानात ‘या खप् लोम्’ मागा, वारा बाहेर काढणारं औषध.

आणखी एक. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की आपण हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावतो. थाई आयासुद्धा बाळाच्या पोटाला हिंगाचा अर्क चोळतात. त्या बाटलीवर नाव काय, तर ‘महाहिंग’!

---

निवांत काका

डॉक्टरीणबाई, महाहिंग वाचून थक्क झालो. आमच्या आईनं सगळ्या नातवंडांना हिंग लावलाय.

सुमेध, तुमचं स्पष्टीकरण पटलं. तरी लहान मुलांनी आजीला उद्देशून हा शब्द वापरावा हे अजून पचत नाही.

---

सुमेध_चिआंगमाई

काका, तिथेही शेपूट मदतीला येतं. नातीनं आजीला ‘याय् तोत् रऽ ख?’ विचारावं. याय् म्हणजे आईची आई, आणि शेवटी आदराचं ‘ख’. ‘आजी, तुम्ही पादलात का हो?’ असा लाडिक सूर आहे तो, उद्धटपणा नाही. थाई घरात नात आजीशी असंच बोलते.

---

रानवाटा

वनस्पतींकडून एक भर. थाईत एका वेलाचं नाव आहे ‘तोत् मू तोत् मा’. मू म्हणजे डुक्कर, मा म्हणजे कुत्रा. पानं चुरडली की गंधकाचा उग्र वास येतो म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव पेडेरिया फीटिडा, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘दुर्गंधी’. चिनी भाषेत त्याला ‘कोंबडीच्या शिटीचा वेल’ म्हणतात. आसामात हा भेदाईलता आणि बंगालात गंधभादुली, दोन्हीकडे पानं आवडीनं खातात, तीही पोटाच्या तक्रारींवर. आयुर्वेदातली ‘प्रसारणी’ ती हीच, वातावरची. म्हणजे ज्या वेलाला वासावरून ते नाव पडलं, तोच वेल वाताच्या औषधात.

थाईत त्याला सभ्य नावही आहे, ‘क्रफंग्होम्’. बाजारात कुठलं ऐकू येतं ते सुमेध सांगू शकतील.

---

सुमेध_चिआंगमाई

बायका ‘तोत् मू तोत् मा’च म्हणतात, जुडी हातात देताना, अगदी शांतपणे. तोत् किती रुळलेला आहे त्याचा याहून चांगला पुरावा नाही. आणि एक म्हण: ‘तोत् यंग् माय् थन् हाय् मेन्’, पादलेल्याचा वास जायच्या आत, म्हणजे फारच लवकर. भांडण मिटलं आणि लगेच पुन्हा जुंपलं की वापरतात.

---

शब्दवेडा

आपली ‘पादऱ्याला पावट्याचं निमित्त’ हिला थाई बहीण मिळाली का कुणाला? पावट्यात काहीतरी असतं हे म्हण करणाऱ्याला बरोबर माहीत होतं.

---

डॉक्टरीणबाई

असतंच. कडधान्यांत रॅफिनोजसारख्या काही शर्करा असतात, त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार करतात. या वायूंना वास नसतो. वास येतो तो अगदी किंचित असलेल्या गंधकयुक्त वायूंचा. त्यामुळे पावट्याला नुसतं ‘निमित्त’ म्हणणं हा पावट्यावर अन्यायही आहे आणि नाहीही.

---

केतकी_बँकॉक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मैत्रिणीबरोबर बसून संहिता नव्यानं केली. सुमेधची तीन वाक्यं तिला वाचून दाखवली, तेव्हा तीच उठून राक्षसाच्या आवाजात ‘चाव् तोत् रु?’ म्हणाली आणि मग आम्ही भराभर लिहीत गेलो. फाय् लोम् आता फक्त वैद्याच्या तोंडी आहे. पोरं आपसात नुसतं ‘तोत्’ म्हणतात, ‘व’ कुणालाही दिलेलं नाही. नात आजीला ‘ख’ लावूनच विचारते (निवांत काका, ते वाक्य मैत्रिणीनं स्वतः दोनदा तपासलं). आणि आजी उत्तर न देता पिशवीतून तोत् मू तोत् मा ची जुडी काढून दाखवते, की वास याचा आहे. रानवाटा, ही जागा तुमच्यामुळे सुचली.

एक राहिलं होतं, पोस्टर. त्यावर ‘तोत्’ घालायचा नाही असं ठरलं. नाटकात त्या शब्दाला बोलणारा माणूस असतो, सूर असतो, शेपूट असतं. भिंतीवर तो एकटाच पडतो आणि येणारा-जाणारा त्याला मनाला येईल तसा वाचतो. म्हणून पोस्टरवर फक्त ‘यक् तून्’, राक्षस जागा झाला.